पितळेचा खेकडा

आबा,

तुम्ही घडवलेले पितळेचे छोटे इंजिन मी गेल्या महिन्यात परक्या माणसांच्या हाती दिले. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता चौदा वर्षांनी मोठा झालो आहे, तेव्हा कुणाची परवानगी मागण्याचा प्रश्न नव्हता. तरी ते कपाटावरून खाली काढताना मी एकदा दाराकडे पाहिले, हे खरे. कुर्ल्याच्या रेल्वे क्वार्टरमधून चेंबूरला आणि तिथून इथे घाटकोपरला, प्रत्येक बिऱ्हाड बदलताना मी ते जुन्या चादरीत गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेऊन आणले आहे. कुणी विचारले तर 'वडिलांनी केलेले' एवढेच सांगत आलो. 'वडिलांनी मला दिलेले' असे कधी म्हणालो नाही. तुम्ही दिले होतेत. मी घेतले नव्हते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, हे स्वतः बँकेतून निवृत्त झालेले. सोसायटीच्या कसल्याशा अर्जावर माझी सही घ्यायला ते वर आले आणि कपाटासमोर थबकले. दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान पुढे काढून त्यांनी इंजिनाचा एक एक कोपरा पाहिला, आणि मग कधी नव्हे ते आपल्या गावच्या बोलीत म्हणाले, "मास्तरांनू, हो खेकडो तुमका खंय गावलो?" त्या इंजिनाला खेकडा म्हणतात हे रेल्वेच्या इंजिनशेडमधल्या माणसांखेरीज कुणाला ठाऊक असेल असे मला वाटत नव्हते. घाटातून मालगाड्या चढवणारे ते विजेचे इंजिन; मधोमध चालकाची खोली, पुढे आणि मागे दोन लांब नाकाडे, आणि चाकांना बांधणारे ते तिरके दांडे, जे चालताना नांग्यांसारखे हलत. तुमचे उभे आयुष्य शेडमध्ये त्याच्या पोटाखाली दुरुस्त्या करण्यात गेले. पण बँकेतल्या माणसाला हे कसे माहीत? शिवाय त्याने वस्तूला हात लावला नव्हता. जो माणूस हात पाठीमागे बांधून बघायला शिकला आहे, तो पुष्कळ मोलाच्या वस्तू बघत आलेला असतो. माझ्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली.

त्यांनी मग सारे सांगितले. कांदिवलीत चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत साचे बनवणाऱ्या एकाचा गाळा आहे, तिथे दर रविवारी छोट्या आगगाड्यांचे शौकीन जमतात. लाकडी टेबलांवर रूळ मांडलेले आहेत, बोगदे आहेत, घाट आहे. तुमच्या हातचे काम त्यांना दाखवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. मी हो म्हणालो नाही. ते गेल्यावर माझी पत्नी म्हणाली, "तुम्हाला कुणी नुसता जयभीम घातला तरी त्यात तुम्ही काय दडलंय ते शोधत बसता. जा की. खेळण्याच्या गाड्या आहेत त्या, दरोडेखोर नाहीत." तिला मी खरे कारण सांगितले नाही. ते लोक इंजिन लाटतील, एखादा भाग बदलतील, ही भीती होतीच. पण तिच्या तळाशी दुसरी एक गोष्ट होती. हे लोक धातू ओळखत असतील, तर पितळ कुठले आहे हेही ओळखतील, असे मला वाटले. म्हणजे मी तिथे इंजिन दाखवायला जाणार नव्हतो. साक्षीदार मिळतो का ते पाहायला जाणार होतो. आणि साक्ष तुमच्याविरुद्धची हवी होती.

असे का, हे तुम्हाला कधी कळले की नाही, मला माहीत नाही. म्हणून सांगतो. मी बारा वर्षांचा आहे. कुर्ल्याच्या आपल्या दोन खोल्यांतली स्वयंपाकघराची खिडकी. तिच्याखाली गोणपाट अंथरून तुम्ही बसला आहात. रविवारची दुपार आहे, आई भाकऱ्यांची परात आवरते आहे, आणि चुलीशेजारच्या स्टोव्हवर तापत ठेवलेल्या, पितळ सांधायच्या डाखणीचा वास खोलीभर पसरला आहे. कानस पत्र्यावरून फिरते तसा दात आंबवणारा आवाज येतो. तुम्ही बोलत नाही. कुठला दांडा कुठे बसतो हे मी विचारले की उत्तर देता, पण उत्तर देताना मान वर करत नाही. ही दुपार मला आवडते. मग त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ. तुम्ही पाळीवरून येता, मी आईला द्यायला म्हणून तुमचा जेवणाचा डबा घेतो, तो जड लागतो, आणि खालचा पुडा उघडतो तर आत तेलकट चिंधीत गुंडाळलेली पितळेची सपाट पट्टी. नवीकोरी, चकचकीत. तुम्ही माझ्या हातातून डबा ओढून घेतला. "डब्याला हात लावायचा नाही. पुन्हा सांगणार नाही." एवढेच म्हणालात, पण तुमचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. आणि त्यानंतर अर्ध्या तासाने, रोजच्याप्रमाणे, तसबिरीसमोर आपण सगळे हात जोडून बसलो आणि पंचशील म्हटले. दुसऱ्या शीलाला, न दिलेले घेण्यापासून मी दूर राहीन असे जिथे म्हणायचे असते तिथे, तुमचा आवाज खाली गेला. निदान मला तो खाली गेलेला ऐकू आला.

त्याच वर्षी आपल्या ओळीतल्या शेवटच्या क्वार्टरमधल्या माणसाला शेडमधून पितळेचे तुकडे बाहेर नेताना धरले होते. घर रिकामे करताना त्याची बायको तोंडाला पदर लावून टेंपोत बसली, आणि आम्ही मुले गटाराच्या कठड्यावरून ते बघत होतो. दीक्षा घेऊन आपल्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती. वस्तीतल्या घराघरांत जाऊन देव्हारे रिकामे करायला लावणारे, बावीस प्रतिज्ञा लोकांकडून पाठ करून घेणारे, ते तुम्ही होतात. लोक तुमच्या शब्दावर गावाकडचे देव नदीत सोडून आले. अशा माणसाच्या डब्यात ते पितळ होते. मी कुणाला काही बोललो नाही. मी फक्त बघू लागलो. दर आठवड्याला डबा किती जड आहे, हे आई तो कुठल्या हाताने उचलते त्यावरून मी ताडत असे.

आणि मग तो दिवस. मी शाळेत पालीत पहिला आलो; घरात पाहुणे होते, मामा होता, शेडमधले तुमचे दोन सोबती होते. तुम्ही ट्रंकेवरून इंजिन उचलले, शर्टाच्या बाहीने पुसले, आणि माझ्यासमोर धरलेत. "घे. तुझं आहे." सगळे बघत होते. मी हात पुढे केला नाही. विचारले, "पितळ कुठलं आहे, आबा?" आईने तुमच्याकडे पाहिले, तुम्ही तिच्याकडे पाहून मान किंचित हलवलीत, नाही म्हणून. मग मला म्हणालात, "दिलेलं आहे." कुणी दिले, का दिले, कशासाठी दिले, काही नाही. सोबत्यांपैकी एक उगाच हसला. मी इंजिन तुमच्या हातातून घेतले, ट्रंकेवर जिथे होते तिथे परत ठेवले, आणि पेढ्यांचे ताट घेऊन पाहुण्यांकडे वळलो. त्यानंतरची पंचवीस वर्षे आपण एकमेकांशी सगळे काही बोललो, फक्त त्या वस्तूविषयी बोललो नाही.

पुढे मी पाली शिकवू लागलो, अट्ठकथा, म्हणजे त्रिपिटकावरची जुनी भाष्ये, वाचल्या, आणि तिथे मला माझे शस्त्र सापडले. चोरी केव्हा पूर्ण होते, याची पाच अंगे आचार्यांनी सांगितली आहेत: वस्तू दुसऱ्याची असली पाहिजे; ती दुसऱ्याची आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे; मनात चोरीची चेतना, म्हणजे हेतू, असली पाहिजे; त्यासाठी प्रयत्न झाला पाहिजे; आणि वस्तू जागची हलली पाहिजे. ही पाचही अंगे मी तुम्हाला लावून पाहिली. डब्याचा खालचा पुडा म्हणजे प्रयत्न. शेडमधून घरापर्यंतचा प्रवास म्हणजे हलणे. माझ्या हातातून डबा ओढून घेतलात, ती चेतना. खाली गेलेला आवाज म्हणजे ठाऊक असणे. सगळे कसे नेमके बसले. आणि आबा, आता ते सांगतो जे सांगायला हे पत्र लिहायला बसलो. घाटकोपरच्या आमच्या विहारात पौर्णिमेला मी प्रवचन करतो, तीस वर्षे झाली. दुसऱ्या शीलावर बोलायची वेळ आली की मी एका कामगाराची गोष्ट सांगतो. शीलवान, वस्तीत मान असलेला, पण स्वतःच्या मुलाला खेळणे करून द्यायच्या मोहाने डब्यातून धातू आणणारा. नाव घेत नाही. गोष्ट चांगली रंगते. बायका मुलांकडे वळून बघतात. एकदा एका तरुणाने कंपनीतून आणलेली अवजारे परत नेऊन दिली, असे त्याने मला पाया पडून सांगितले होते. मला त्या दिवशी फार समाधान वाटले.

तर मी चारकोपला गेलो. शेजारी बरोबर होते. मेट्रोत त्यांनी पिशवी धरायला मागितली, मी दिली नाही. गाळ्यात सात-आठ माणसे होती, पण बोलणारी दोघे-तिघेच. गाळ्याचे मालक, हाताला ऑइलचे डाग असलेले ठेंगणे गृहस्थ. एक दातांच्या डॉक्टरीणबाई, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. आणि आमचे शेजारी. आम्ही शिरलो तेव्हा कुठले इंजिन सर्वांत श्रेष्ठ यावर जुंपली होती, आणि कुणी आमच्याकडे पाहिलेही नाही. बाईंची निष्ठा वाफेच्या इंजिनावर, त्या गोल टोपीच्या, नाकावर तारा असलेल्या. मालक डिझेलवाले. ते म्हणत होते की वाफेच्या महाराणीला निघायचे असेल तर तिला आधी काही तास उठवून बसवावे लागते, तोवर आमचा गडी पुण्याला पोचतो. बाई म्हणाल्या, "तुमचा गडी गुरगुरतो, नाचत नाही. दांडा फिरताना दिसला पाहिजे. जे आत लपवतं त्यावर माझा विश्वास नाही." शेजारी मध्ये पडले की त्यांना दोघांनी मिळून गप्प केले, त्यांचे लाडके इंजिन दोन जातीच्या विजेवर चालणारे आहे, म्हणून ते घरचेही नाही आणि दारचेही नाही, असे ठरवून टाकले. पिकल्या केसांची ही माणसे शाळकरी पोरांसारखी भांडत होती, आणि मला वाटत होते की हे सारे माझ्यासाठी चालले आहे. माणसाला सैल करायचे असले की आधी त्याला हसवतात.

त्यांचा एक नियम मला सांगण्यात आला. नवीन वस्तू आली की ती टेबलाभोवती हातोहात एक पूर्ण फेरी घेते, आणि जो ती हातात घेईल त्याने तिच्यातली एक चूक सांगायची. कौतुक करायचे नाही. कौतुकाने कुणी काही शिकत नाही, असे मालक म्हणाले. किंमत विचारायची नाही, हा दुसरा नियम. मी इंजिन चादरीतून काढले आणि टेबलावर ठेवले. मग मालकांनी घसा साफ करून फेरी सुरू केली. वर तारेला टेकणारा सांगाडा खऱ्या मापापेक्षा उंच आहे. खिडकी एक कमी आहे. नाकाडावरच्या रिबिटी मोजक्या आहेत. मी प्रत्येक हाताबरोबर डोळे फिरवत होतो. शेजाऱ्यांच्या हाती आले तेव्हा ते म्हणाले, दांडे दोन्ही बाजूंनी सारखे नाहीत; डावीकडचा खाली असतो तेव्हा उजवीकडचा पुढे असतो. हे मला ठाऊक होते. लहानपणापासून ती वाकडी जुळणी मला दिसत होती, आणि चोरट्या हातांनी घाईत केलेल्या कामाची ती खूण, असे मी मनाशी धरून चाललो होतो. बाई हसल्या. "चूक सांगायची तर खरी सांगा हो. पाव फेरा मागे-पुढे ठेवलेत मुद्दाम. दोन्ही दांडे एकदम सरळ रेषेत आले तर इंजिन जागच्या जागी अडकतं. खऱ्या इंजिनात असंच असतं." मालक मान हलवत म्हणाले, "दुकानातल्या खेळण्यातसुद्धा हे कुणी करत नाही. हा माणूस त्याच्या पोटाखाली झोपलेला दिसतोय." त्यांनी तुम्हाला 'हा माणूस' म्हटले. मला राग आला, आणि राग का आला याचाही संशय आला.

मग बाईंनी ते उलटे केले. खिशातून दात तपासायचा छोटा गोल आरसा काढला, चाकांमधल्या फटीतून आत सरकवला, आणि मोबाइलचा प्रकाश धरून बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "आत काहीतरी लिहिलंय. आरशात उलटं दिसतंय, वाचता येत नाही." शेडचा शिक्का, दुसरे काय असणार. साठ वर्षे मी ज्याची वाट पाहत होतो तो पुरावा आता दातांच्या आरशात दिसत होता, आणि माझ्या तोंडून निघाले, "राहू द्या." पण तेवढ्यात मालकांनी स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला होता, आणि माझ्याकडे बघून थांबले होते. "सर, तुम्ही म्हणाल तर उघडतो. नाहीतर नाही." ते थांबले म्हणून मी हो म्हणालो. घाई केली असती तर इंजिन उचलून घरी आलो असतो. छताचे चारही स्क्रू मी माझ्या रुमालात घेतले, मोजून, आणि गाठ मारली.

छत निघाले. मालकांनी ते उलटे करून माझ्यापुढे ठेवले. आतल्या बाजूला टोच्याने ठिपका ठिपका ठोकून काढलेली अक्षरे होती, भांड्यांवर नावे घालतात तशी, लग्नात दिलेल्या ताटावर, घागरीवर असतात तशी. पत्रा कापताना अर्धी ओळ गेली होती. उरलेल्यात आजीचे नाव होते, गावाचे नाव होते, आणि पुढे दोन शब्द: देवास दिले.

कुणीतरी खुर्ची पुढे केली. शेजाऱ्यांनी विचारले की काय आहे ते, आणि मी सांगितले की माझ्या आजीचे नाव आहे. ते त्यांना फार आवडले. घरातल्या भांड्याचे इंजिन केले, असे एकमेकांना सांगू लागले. मालकांनी पत्रा बोटांत धरून सांगितले की हे परातीचे किंवा मोठ्या तबकाचे पितळ आहे, ठोकून घडवलेले. ते तापवून नरम करून दाबयंत्राखाली सपाट केल्याशिवाय त्याची अशी सरळ पट्टी निघणार नाही, घरच्या स्टोव्हवर हे होत नाही. म्हणजे तुम्ही ते कापून, तुकड्यातुकड्याने डब्यातून घरातून शेडमध्ये नेत होतात आणि जेवणाच्या सुटीत सपाट करून परत आणत होतात. माझ्या हाती लागला तो परतीचा डबा होता. जाणारा डबा मी कधी उघडलाच नव्हता.

पाच अंगांपैकी चार मी सिद्ध केली होती. पहिले, वस्तू दुसऱ्याची आहे हे, मी गृहीत धरले. विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते.

मेट्रोत बसल्यावर आजी आठवली. ती गावाहून यायची, दरवर्षी आठ दिवस. आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणायची, "ते रं कुठाय तुझं?" आणि तुम्ही ट्रंकेवरचे इंजिन काढून तिच्यापुढे ठेवत असा. ती ते चिंचेने घासायची, राखेने उजळायची, पदराने कोरडे करायची, आणि मग दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावायची. आम्ही भावंडे हसून लोळायचो. आजी इंजिनाच्या पाया पडते, असे साऱ्या ओळीत सांगत फिरायचो. तुम्ही त्या वेळी खिडकीबाहेर बघत असा. आई आम्हाला दटावायची, पण तिचा दटावण्याचा सूर नेहमीचा नसे. सारे माझ्या डोळ्यांसमोर घडत होते, आबा. मी डब्याचे वजन ताडण्यात गुंतलो होतो.

तेव्हा काय झाले असेल ते मी आता जुळवतो, आणि जुळवताना सावध राहतो, कारण माझ्या जुळवण्यावर माझा विश्वास उरलेला नाही. तुम्ही वस्तीभर देव्हारे रिकामे करवत होतात, आणि तुमच्या आईने देवाचे तबक नदीत सोडायला नकार दिला असावा. किंवा नकार दिला नसेल. तुमच्या हाती दिले असेल, पण पाण्यात नको, मोडीत नको, घरात राहील असे काहीतरी कर, असे म्हटले असेल. तुम्हाला ते वस्तीत सांगता येईना. ज्या माणसाच्या शब्दावर लोकांनी आपले देव सोडले, त्याच्या घरात देवाचे तबक आहे, हे पाहुण्यांसमोर, शेडमधल्या सोबत्यांसमोर, पालीत पहिल्या आलेल्या पोराला कसे सांगणार? चोर म्हणवून घेणे तुम्हाला त्याहून सोपे वाटले. की तो तुमच्या आईचा मान होता? मला ठरवता येत नाही. अक्षरे कानशीने घासून टाकणे दोन मिनिटांचे काम होते. तुम्ही ती ठेवलीत, आतल्या अंगाला. हे त्या तबकातल्या देवासाठी ठेवले की आईसाठी, हाही संशय मला येतो, आणि तुम्ही समोर असता तर मी तोही विचारला असता.

कारण माझी खोड गेलेली नाही. देवास दिलेले परत घेता येते का, यावर मी दोन दिवस घालवले. घेणारा मुळात नसेलच तर दिलेले देणाऱ्याकडेच राहते, आणि देणाऱ्याने मुलाला दिले, तर ते दिलेले ठरते. असा माझा निर्णय झाला. पण तुमचे इंजिन परत जोडताना मालक सहज म्हणाले होते की चाके मात्र लोखंडाची आहेत, लेथवर काढलेली, फार सुरेख. लेथ शेडचा. लोखंड कुणाचे, ते मी विचारले नाही. रुमालाची गाठ सोडून चारही स्क्रू दिले. घरी येऊन हे सगळे पत्नीला सांगितले. चाकांचेही सांगितले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "साठ वर्षं त्यांना चोर धरलंत. आता लगेच साधू करू नका, आणि पुन्हा चोरही करू नका. जेवायला बसा."

मग पौर्णिमा आली. विहारात नेहमीची माणसे होती, काही नवी. मी ठरवून गेलो होतो की ती गोष्ट मागे घ्यायची. इतकी वर्षे ज्या कामगाराची गोष्ट मी सांगत आलो तो माझा बाप होता, आणि त्याने काही चोरले नव्हते, असे उभे राहून सांगायचे. सांगितलेही. मी सांगितले की पितळ त्यांच्या आईचे होते, तिच्या नावाचे भांडे होते, ते तिने दिले, आणि मुलाने संशयाने बापाला जन्मभर शिक्षा केली. पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध बाईंनी विचारले, "कसलं भांडं होतं, सर?" त्या गावाकडचे देव नदीत सोडून आलेल्या पिढीतल्या असाव्यात. त्यांच्या हातात नातवाचा हात होता. साऱ्या सभेने माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "पाण्याची घागर होती."

हे मी घरी सांगितलेले नाही, आणि विहारातही पुन्हा सांगणार नाही. तुम्हाला कळावे म्हणून लिहिले; तुम्हाला पोचणार नाही म्हणून लिहू शकलो.